ज्याची फाइल त्याला सोडून

आमच्या कंपनीत कुणाचीही फाइल बघायची असेल तर फार काही लागत नाही. मुलीचा बाप असावं लागतं, नाहीतर मामा, नाहीतर चुलता. गेटवर यायचं, सिक्युरिटीला म्हणायचं, 'पाहुण्यांची जरा चौकशी करायचीय', आणि वर माझ्या टेबलासमोर येऊन बसायचं. चहा मिळतो. मुलगा परमनंट आहे का, खाडे किती करतो, कधी मेमो मिळालाय का, पिऊन येतो का, सगळं कळतं. स्वतःची फाइल स्वतःला बघायची असेल तर मात्र अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाचं काय होतं ते मी चौदा वर्षं या खुर्चीत बसून चांगलं ओळखून आहे. हे मी रागानं लिहिते आहे. त्या रागाचा मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

कंपनी भांडगावजवळ, हायवेला लागून. गाड्यांचे सुटे भाग बनतात. मी यवतहून स्कूटीवर येते. पूर्वी आमच्या खोलीवर 'टाइम ऑफिस' अशी पाटी होती, आता 'एचआर' आहे. पाटी बदलली, कपाटं तीच राहिली. पत्र्याची चार कपाटं, त्यांत सगळ्यांच्या फायली, आणि किल्ल्या माझ्या पर्समध्ये. एकेका फायलीत काय नसतं? आधारची झेरॉक्स, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, बायकोच्या बाळंतपणाची कागदपत्रं, बापाच्या दहाव्याला सुट्टी हवी म्हणून केलेला अर्ज. माणूस घरातल्या माणसांना सांगणार नाही ते फायलीत लावून ठेवतो, कारण कुणीतरी कधीतरी 'झेरॉक्स द्या' म्हटलेलं असतं.

स्थळाची चौकशी आमच्याकडं काही गुन्हा समजत नाहीत. माझ्या वेळी माझ्या वडिलांनीही केली होती. पोर द्यायची तर जाऊन बघून येणार, चारचौघांना विचारणार, त्यात चूक ती काय. पोरीच्या जन्माचा प्रश्न असतो. म्हणून मला ते पुण्याचं काम वाटायचं. एकदा एका बापाला मी फायलीतला मेमो दाखवला, पिऊन आल्याबद्दलचा, आणि ते लग्न मोडलं. त्या बापानं नंतर पेढे आणून दिले. लग्न मोडल्याचे पेढे. मी ते खाल्ले आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की आज एका पोरीला वाचवलं. त्या मुलाला त्याच्या फायलीतलं मी दाखवलं, हे कळलं का, ते मला आजही माहीत नाही. मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आता ज्याची गोष्ट सांगायची तो न्हावऱ्याचा. प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर, नऊ वर्षं झालेली. रोज मोटरसायकलवर भीमेचा पूल ओलांडून येणार, पहिल्या शिफ्टला कधी उशीर नाही. वय एकतीस. आमच्याकडं एकतीस वर्षांचा अविवाहित मुलगा म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर एक काळजी येते, आणि त्याला ती दिवसातून दहादा बघावी लागते. नऊ वर्षांत त्यानं बऱ्याच मुली बघितल्या. कुणाला पुण्यात फ्लॅट हवा होता, कुणाला सरकारी नोकरी. शेवटी दौंड तालुक्यातलं एक स्थळ जमत आलं. मुलगी बी. कॉम. झालेली. दोन्हीकडून पसंती झाली, आणि दोघं फोनवर बोलायला लागले. महिना-दीड महिना बोलणं चाललं होतं. प्रेस शॉपमधले लोक त्याला जेवणाच्या सुट्टीत चिडवायचे, ते माझ्याही कानावर आलं होतं.

मग मुलीचा मामा आला. माजी सरपंच. कंपनीच्या मागच्या बाजूचं सांडपाणी ज्या बांधावरून जातं तो बांध याच मामांचा, त्यामुळं त्यांना गेटवर कुणी अडवत नाही. साहेबांचा मला खालून फोन आला. साहेब म्हणजे आमचे एचआर मॅनेजर, रोज पुण्याहून गाडीनं येतात. म्हणाले, मामांना वर पाठवतोय, त्यांना काय हवं ते दाखवा, आपलेच आहेत. मी फाइल काढली, मामांच्या पुढ्यात ठेवली, चहा सांगितला. तेवढ्यात कुणाचा तरी पीएफचा कागद खाली द्यायचा होता म्हणून मी गेले. वीसेक मिनिटं लागली. परत आले तेव्हा मामा फाइल मिटत होते. चहा अर्धा तसाच होता. मी विचारलं, झालं का मामा? ते 'झालं' म्हणाले आणि माझ्याकडं न बघता उठले. मला वाटलं घाईत असतील. फाइल कपाटात टाकली आणि विसरून गेले.

ना अर्ज, ना सही, ना कुठल्या रजिस्टरला नोंद. हे लक्षात ठेवा.

आठ दिवसांनी तो माझ्याकडं आला. जेवणाची सुट्टी होती, कानात घालायचे बोळे दोरीला तसेच गळ्यात लोंबत होते. दारातूनच म्हणाला, "मॅडम, मला माझी फाइल बघायचीय."

मी विचारलं कशाला. त्यानं आधी मागं वळून बघितलं, मग आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसला आणि सांगितलं. मुलीकडच्यांनी नकार कळवला होता. मध्यस्थ नुसतं 'योग नाही' म्हणत होता. नकार त्यानं पचवला असता, नऊ वर्षं पचवतच होता. पण मुलीचा शेवटचा मेसेज आला होता, आणि मग तिचा नंबर बंद. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. मेसेज एका ओळीचा होता : तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.

"म्या तिच्यापासनं काय बी लपवलं न्हाई," तो म्हणाला. "तिचे मामा हितं येऊन गेले, गेटवरच्यांनी सांगितलं. तुमच्या फायलीत काय तरी हाय. म्या काय लपवलं ते मलाच बघायचंय."

त्याला नोकरी वाचवायची नव्हती, कुणाला कोर्टात खेचायचं नव्हतं. आपण कोणतं खोटं बोललो एवढंच त्याला हवं होतं, आणि ते वेळेवर कळलं तर जाऊन तिला सांगायचं होतं की ते खोटं नाही. मध्यस्थ म्हणाला होता की मुलीकडचे अजून दुसरीकडं कुठं पक्कं करत नाहीत, पण बारामतीकडचं एक स्थळ सांगून आलंय.

माझ्या खुर्चीपासून ते कपाट चार पावलांवर आहे. किल्ली पर्समध्ये होती आणि पर्स मांडीवर. मी उठले नाही.

का उठले नाही? कारण दोनच महिन्यांपूर्वी हेड ऑफिसकडून एक मोठा मेल आला होता. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा, म्हणून आता कर्मचाऱ्याला स्वतःची माहिती बघायचा अधिकार, आणि त्या अधिकारासाठी एक प्रोसेस. कँटीनजवळ पोस्टरही लावलं होतं, 'तुमची माहिती, तुमचा हक्क', आणि त्यावर एक हसरी मुलगी लॅपटॉप घेऊन बसलेली. माझं ट्रेनिंग झालं होतं. त्यात आम्हाला बजावलं होतं की यापुढं कुणी माहिती मागितली तर परस्पर द्यायची नाही. मी ते मनापासून ऐकलं होतं. मामा त्या ट्रेनिंगनंतरच येऊन गेले, आणि मामांना फाइल देताना मला त्यातला एक शब्दही आठवला नव्हता. मामा म्हणजे पाहुणे. पाहुण्यांना कसली प्रोसेस.

त्याला मी पोर्टल सांगितलं. पोर्टलवर जायला कंपनीचा ई-मेल लागतो. ऑपरेटरला कंपनी ई-मेल देत नाही. ज्यांच्यासाठी हक्काचं पोस्टर लावलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो हक्क मागायला दारच नव्हतं, आणि हे मेल लिहिणाऱ्या एकाही माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, कागदावर अर्ज लिहून दे. त्यानं दुसऱ्या दिवशी दिला. वहीचा कागद, समास आखलेला, शाळेत शिकवलेला मायना. 'विनंती अर्ज करण्यास कारण की, मला माझी फाइल पाहावयाची आहे, तरी ती दाखवावी ही नम्र विनंती.' स्वतःचीच वस्तू मागताना माणूस नम्र विनंती करत होता आणि मी त्यावर 'आवक'चा शिक्का मारत होते.

साहेबांनी अर्ज वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, युनियनचं काही चाललंय का? मी नाही म्हटलं. मग वकिलानं सांगितलंय का? मी म्हटलं लग्नाचं आहे. ते हसले आणि म्हणाले, लग्नाचं आणि फायलीचं काय नातं? लेखी कारण मागा. मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं की कारण मागायचं नसतं. तसं सांगितलंही. साहेब म्हणाले, कायदा पुण्यात, आपण इथं. मी लेखी कारण मागितलं.

त्यानं लेखी कारण दिलं. 'खाजगी' एवढाच शब्द लिहिला होता. ते साहेबांना चाललं नाही, म्हणून अर्ज हेड ऑफिसला गेला. हेड ऑफिसनं आठवड्यानं उलटा प्रश्न पाठवला, अर्जदाराला नेमकी कोणत्या कॅटेगरीची माहिती हवी आहे? मी शॉपमध्ये जाऊन त्याला विचारलं. प्रेसचा आवाज होता, तो कानातले बोळे काढून पुढं वाकला. कॅटेगरी म्हंजी? मी म्हटलं, प्रकार. "समदी," तो म्हणाला. "माझी हाय ना?" मी परत येऊन इंग्रजीत टाइप केलं की अर्जदारास सर्व प्रकारची माहिती अपेक्षित आहे. मग ओळखीचा पुरावा मागवला गेला. त्या फायलीत त्याच्या आधारच्या दोन झेरॉक्स होत्या. तरी तिसरी मागवली. त्यानं आणून दिली.

दर दोन दिवसांनी तो येऊन उभा राहायचा. आत यायचा नाही, दारातच थांबायचा. मी मान हलवायची. एकदा म्हणाला, बारामतीवाले बघून गेले म्हणत्यात, जरा लवकर करा. मी म्हटलं, प्रोसेस आहे. हा शब्द आता कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. प्रोसेस म्हणजे काय, तर एकाही माणसाला 'नाही' म्हणावं न लागता दुसऱ्याला नाही म्हणणं. मला माहीत होतं की मी त्याला रोज नाही म्हणतेय. संध्याकाळी यवतला घरी जाऊन भाजी निवडताना मी नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, तू कशाला मनाला लावून घेतेस, तू काय मालक आहेस का. माझ्यासारख्या सगळ्यांचं हेच चालतं. आपण मालक नसतो. फक्त किल्ली आपल्याकडं असते.

शेवटी एका दुपारी परवानगी आली. सोबत सूचना : दाखवण्याआधी फाइल 'व्यवस्थित करून' घ्यावी. म्हणजे अंतर्गत शेरे, सुपरवायझरच्या चिठ्ठ्या वगैरे काढाव्यात. मी फाइल टेबलावर घेतली आणि एकेक कागद उलटायला लागले. मलाही बघायचंच होतं की मामांनी काय बघितलं. मेमो नव्हता. खाडे नव्हते. उलट दोनदा चांगल्या कामाचं पत्र होतं. मला बरं वाटलं, की चला, फायलीत काही नाही, म्हणजे आपल्याकडून काही झालेलं नाही. सगळ्यात खाली त्याचा भरतीचा फॉर्म होता, पिवळा पडलेला. नाव, पत्ता, जन्मतारीख, रक्तगट. मी तो नजरेखालून घातला आणि उलटलासुद्धा. मग काहीतरी खटकलं म्हणून परत फिरवला.

छापलेला रकाना होता : 'आजार (असल्यास)'. त्याच्यापुढं निळ्या शाईत लिहिलं होतं : 'फिट'.

अक्षर माझं होतं.

मला तो दिवस लख्ख आठवला. नऊ वर्षांपूर्वी एकदम सव्वीस जणांची भरती झाली होती. डॉक्टर दौंडहून आले होते आणि त्यांना दुसरीकडं जायचं होतं. कँटीनमध्ये रांग लावली. डॉक्टर छातीला नळी लावायचे, डोळे बघायचे, आणि मला ओरडून सांगायचे, 'फिट'. पुढचा. 'फिट'. फॉर्मवर डॉक्टरच्या अभिप्रायाला जागाच नव्हती, कुणी छापली नव्हती. तब्येतीशी संबंधित एकच रकाना होता, आजाराचा. मी त्यात लिहीत गेले. मुलांच्या सह्या आधीच घेऊन ठेवल्या होत्या, आमच्याकडं सही आधी आणि फॉर्म नंतर भरतात, वेळ वाचतो. आपल्या सहीच्या वर काय लिहिलं गेलं ते त्या सव्वीसांतल्या एकानंही कधी बघितलं नाही.

ऑफिसातल्या माणसाला फिट म्हणजे धडधाकट. पण आमच्या गावांत 'त्याला फिट आहे' म्हटलं की एकच अर्थ. चालता चालता पडतो, तोंडाला फेस येतो, कांदा हुंगायला द्या. त्यातून समोर छापलेलं 'आजार'. मामांनी ते वाचलं, दोनदा वाचलं असेल, आणि चहा अर्धा टाकून उठले. पोरीचा मामा दुसरं काय करणार होता? मी त्यांच्या जागी असते तर मीही उठले असते.

मी बाकीच्या फायली काढल्या. त्या दिवशीच्या सव्वीसांतले एकोणीस अजून कामाला आहेत. एकोणीसच्या एकोणीस फॉर्मवर आजार : फिट. एकावर तर मी मोठ्या कौतुकानं 'पूर्ण फिट' लिहिलंय. एका सकाळीत मी सव्वीस ठणठणीत पोरांना फिटचा आजार लावून दिला होता, आणि वर्षानुवर्षं त्यांच्या पाहुण्यांना चहा पाजून तो दाखवत होते. त्यांतली किती स्थळं का मोडली हे आता कुणाला विचारणार? मी तिथंच बसून स्वतःच्या हातावर फटका मारला. लहान मुलाला मारतात तसा. त्यानं काही होत नाही, पण मारला.

साहेबांकडं फॉर्म घेऊन गेले. ते आधी मोठ्यांदा हसले. अहो फिट म्हणजे फिट, असं कोण वाचेल? मी म्हटलं, "साहेब, तुमच्याकडं कोणी वाचणार नाही. आमच्याकडं दुसरं काही वाचणारच नाहीत." माझा आवाज चढला होता. त्यांचं हसू गेलं, आणि डोकं चालायला लागलं. म्हणाले, त्याला हे दाखवायचं नाही. उद्या नोटीस पाठवेल, पेपरला जाईल. नवा कोरा फॉर्म घ्या, काहीतरी कारण सांगून त्याची सही घ्या, जुनी तारीख टाका, जुना फॉर्म श्रेडरमध्ये. एकोणीसच्या एकोणीस असेच करा. आणि मग दाखवा त्याला फाइल, खुशाल बघू दे.

म्हणजे ज्या कागदानं त्याचं लग्न मोडलं तो सोडून बाकी सगळं त्याला दाखवायचं. हक्काप्रमाणे. पोस्टरप्रमाणे. मी तोंडावर 'करते' म्हणाले. तिथं तोंड उघडायची हिंमत झाली नाही, आणि याचाही मला राग आहे. पण बाहेर येऊन पहिला फोन मामांना लावला.

मामांनी शांतपणे ऐकलं. मी सगळं सांगितलं, डॉक्टर, रांग, रकाना. म्हटलं, मामा, पोरगा धडधाकट आहे हो, ते मी लिहिलंय, चूक माझी आहे.

मामा म्हणाले, "ताई, कंपनीच्या कागदावर आजार म्हणून लिवलंय म्हटल्यावर आमी काय समजायचं?"

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. पण आता मुलीला तेवढं सांगा.

"आता कसं सांगू? परवाच्या रविवारी बारामतीवाल्यांशी सुपारी फुटली. साखरपुडा झाला. आता तिच्या कानावर ह्ये घालायचं म्हंजी तिच्या जिवाला घोर." मग म्हणाले, "तुमी आदी का न्हाई सांगितलं?"

फोन ठेवल्यावर मी आवक रजिस्टर काढून बघितलं. अर्जावर शिक्का मारल्याला सव्वीस दिवस झाले होते. पहिल्या दिवशी मी चार पावलं चालले असते तर रकाना त्याच दुपारी सापडला असता. सव्वीस दिवस मी त्याच्याकडून कारण मागितलं, कॅटेगरी मागितली, आधारची झेरॉक्स मागितली. तो मात्र सव्वीस दिवसांत माझ्यावर एकदाही चिडला नव्हता. मला वाटतं, त्याच्या वाटणीचा रागही मीच आता करतेय.

जुना फॉर्म मी श्रेडरमध्ये टाकला नाही. होता तिथं परत लावला. त्याबद्दल मला नंतर मेमो मिळाला, आणि तो टाइप करायचं कामही माझंच होतं, तेव्हा त्यातली शुद्धलेखनाची चूक मी सुधारली नाही.

फाइल दाखवायची ती मीटिंग रूममध्ये, असं प्रोसेसमध्ये होतं. एसी लावलेला, लांबलचक टेबल. मोबाइल बाहेर ठेवायचा, फोटो काढायचा नाही, प्रतिनिधीसमोर बघायचं. प्रतिनिधी मी. तो हात धुऊन आला होता, तेलाचे डाग नखांत राहिले होते, म्हणून कागद कडेला धरून उलटत होता. एकेक ओळ बोट न टेकवता वाचत होता. चांगल्या कामाची दोन पत्रं बघून त्याला नवल वाटलं, ती त्याला कधी दिलीच नव्हती. अशीच फायलीत लावून टाकली होती. मला त्याच्या आधी बोलायचं होतं, रस्ताभर तयारी केली होती, पण तो पिवळ्या फॉर्मपर्यंत पोचला आणि थांबला.

मग बोट त्या रकान्याखाली ठेवून म्हणाला, "ह्ये?"

मी सांगितलं. काही राखलं नाही. डॉक्टर 'फिट' म्हणाले, मी तिथं लिहिलं, मामांना फाइल मीच दिली. तुला सव्वीस दिवस मीच थांबवलं. सुपारी फुटल्याचं त्याला माहीत होतं, गावात कळतंच.

"तुमचं अक्षर?"

"हो."

तो रागावेल, ओरडेल, फाइल फेकेल, अशी माझी खात्री होती. मला ते हवंही होतं. तो त्या शब्दाकडंच बघत राहिला.

"ती मला फोनवर लई येळा इचारायची," तो म्हणाला. "आजारबिजार काय असंल तर आत्ताच सांगा, मागनं नको. म्या म्हनायचो, काय न्हाई, एकदम फिट हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "ह्योच शब्द सांगितला हुता मॅडम तिला."

मला रडू आलं. त्याच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी पेन काढलं. 'फिट' खोडलं, 'नाही' लिहिलं, शेजारी सही केली, तारीख टाकली. बाकीच्या अठरा जणांचेही आज-उद्यात करते, म्हणाले. यापुढं कुणाचा मामा येऊ दे नाहीतर बाप, कपाट उघडणार नाही, हेही म्हणाले. मग दुरुस्त केलेल्या फॉर्मची झेरॉक्स काढली, त्यावर कंपनीचा गोल शिक्का मारला आणि त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, ही तुझ्याकडं ठेव. तुझा पुरावा आहे.

त्यानं ती हातात घेऊन वाचली. शिक्कासुद्धा वाचला.

"ही आता कुनाला दावू?" त्यानं विचारलं. तो खरंच विचारत होता. तिला पाठवली तर तिच्या ठरलेल्या लग्नात माती पडणार, मामांना दाखवून उपयोग नाही, मध्यस्थाला तर आधीच दुसरं काम लागलेलं.

त्यानं झेरॉक्स सरळ केली आणि फायलीत, सगळ्यात वर, नीट लावून ठेवली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," तो उठत म्हणाला. "हितं समदे बघत्यात."